स्वभावाला औषध नाही?

एखाद्या माणसाच्या वागण्याचा उलगडा होईनासा झाला, की 'स्वभावाला औषध नाही' म्हणून विषय मिटवायची आपल्याकडे रीत आहे. मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून मुलगी रात्रभर तळमळते, ती हळवी. कालपर्यंत ज्या साहेबाचे गोडवे गायले त्यालाच आज मुलगा शिव्या घालतो, तो तापट. सून जेवणावरून उठते, दार आपटून आत जाते आणि तासाभराने बाहेर येऊन काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने चहा टाकते, ती नाटकी. ही विशेषणं भाजणी-मेतकुटासोबत एडिसन, सनीवेल आणि डॅलसच्या उपनगरांपर्यंत पोचलेली आहेत. मग एखाद्या रात्री इमर्जन्सी रूममधून घरी येताना हातात जो कागद मिळतो, त्यावर 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असे तीन शब्द छापलेले असतात आणि आईवडील पहाटेपर्यंत गूगल उघडून बसतात.

तिथे त्यांना दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे नऊ लक्षणांची यादी, जी वाचून प्रत्येकाला आपल्या घरातले निदान तीन जण आठवतात. दुसरी म्हणजे 'अशा माणसापासून लांब पळा' असं बजावणारे दुखावलेल्या लोकांचे अनुभव. दोन्ही वाचून माणूस अधिकच गोंधळतो. उपचार, विमा, कायदा, घरातलं रोजचं वागणं या सगळ्याचा तपशील पुढच्या प्रकरणांत येईल. इथे मला एवढंच सांगायचं आहे, की ओळखायचं म्हणजे नेमकं काय ओळखायचं. या आजाराची जी लक्षणं घराला ऐकू येतात, ती बहुतेक वरवरची असतात. जी मुळाशी असतात ती शेजारच्या खोलीतल्या माणसालाही दिसत नाहीत, कारण ती आवाज करत नाहीत. सगळी गफलत इथे होते, आणि ती फक्त घरच्यांचीच होते असं नाही.

डॉक्टरांनाही हे ओळखायला चाळीसएक वर्षं लागली. 1938 मध्ये न्यू यॉर्कचे मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी आपल्या काही रुग्णांबद्दल एक निबंध लिहिला. त्या काळी मनोविकारांचे ढोबळ दोन कप्पे होते. एकात वास्तवाचं भान शाबूत असलेले, दुसऱ्यात ते सुटलेले. स्टर्न यांचे हे रुग्ण धड इकडे बसेनात, धड तिकडे. त्यांना त्यांनी सीमेवरचे म्हटलं, तेच नाव चिकटलं. नंतर व्हिएन्नात जन्मलेले, नाझींच्या धास्तीने लहानपणी कुटुंबासह चिलेला गेलेले आणि पुढे कॅन्ससमधल्या टोपेकाच्या मेनिंजर संस्थेत काम केलेले ऑटो कर्नबर्ग यांनी 1967 मध्ये या व्यक्तिमत्त्वाची अंतर्गत रचना मांडली. बॉस्टनजवळच्या मॅकलीन रुग्णालयाचे जॉन गंडरसन यांनी मार्गारेट सिंगर यांच्यासोबत 1975 मध्ये, तपासता येतील अशी लक्षणं एकत्र केली. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरला, म्हणजे बीपीडीला, जागा मिळाली. ज्या सीमेवरून हे नाव पडलं ती सीमा आता कुणी मानत नाही, नाव मात्र कुणी बदलत नाही. वैद्यकातही सरकारी फायलीसारखंच चालतं.

सुरुवातीला लक्षणं आठ होती, 1994 च्या आवृत्तीत नववं आलं. नवांपैकी किमान पाच असली, ती ऐन तारुण्याच्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या प्रसंगांत आणि वेगवेगळ्या माणसांसोबत पुन्हा पुन्हा दिसत असली, आणि त्यामुळे जगणं विस्कटत असलं, तर निदान होतं. गणित करून पाहिलं तर नवांतून पाच किंवा अधिक निवडण्याचे 256 मार्ग निघतात. एकच निदान असलेल्या दोन माणसांत फक्त एक लक्षण सामाईक असू शकतं. म्हणून 'माझ्या मावसबहिणीला बीपीडी होतं, हा तर तसा मुळीच नाही' हा युक्तिवाद टिकत नाही.

आता त्यातली आवाज करणारी लक्षणं पाहू. अनावर, प्रसंगाच्या मानाने फार मोठा राग. बेभान खर्च, दारू, बेफाम गाडी हाकणं, अधाशासारखं खाणं यांसारखं, पुढचा विचार न करता केलेलं वागणं. स्वतःला इजा करणं, आत्महत्येच्या धमक्या किंवा प्रयत्न. ही लक्षणं पोलिसांना, शाळेच्या काउन्सेलरला, शेजाऱ्यांना आणि शेवटी डॉक्टरांना दिसतात. यांच्यामुळेच माणूस उपचारांपर्यंत पोचतो, त्यामुळे त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण त्यांचा अर्थ आपण चुकीचा लावतो. स्वतःला इजा करणाऱ्या मुलीबद्दल 'लक्ष वेधायला करते' हे वाक्य घरात आणि, दुर्दैवाने, दवाखान्यातही सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात बहुतेकदा ती असह्य झालेली भावना कशीबशी खाली आणण्याची धडपड असते, आणि कित्येक जण ती वर्षानुवर्षं लपवून ठेवतात. मॅकलीनमधल्या एका दीर्घ अभ्यासात 24 वर्षांच्या पाठपुराव्यात बीपीडीच्या सुमारे 6 टक्के रुग्णांचा मृत्यू आत्महत्येने झाला. त्यामुळे 'नुसती धमकी आहे' असं म्हणायची सोय कुणालाच नाही. अमेरिकेत 988 या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो. भारतात टेली-मानसचा 14416 आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुकी लक्षणं निराळी. त्यातलं पहिलं म्हणजे सोडून दिलं जाण्याची भीती. नवरा 'मीटिंग लांबली, उशीर होईल' असं कळवतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते 'आता हा परत येणार नाही' असं उमटतं. ही अतिशयोक्ती नव्हे, त्या क्षणी तिला तसंच आणि तेवढंच खरं वाटतं. मग ती पंधरा फोन करते, किंवा तो सोडून जाण्याआधी आपणच जा म्हणून त्याला घालवते. बाहेरच्याला पंधरा फोन दिसतात, भीती दिसत नाही. दुसरं, माणसांबद्दलचं मत टोकाचं आणि झपाट्याने पालटणारं असणं. नवी थेरपिस्ट पहिल्या महिन्यात जगातली एकमेव समजूतदार बाई असते. तिने एकदा अपॉइंटमेंट पुढे ढकलली की तीच पाषाणहृदयी ठरते. चांगली आणि वाईट बाजू एकाच माणसात एका वेळी धरून ठेवणं या मनाला फार जड जातं. तिसरं, आपण कोण हेच पक्कं नसणं. कॉलेजात तीनदा मेजर बदलणं अमेरिकेत काही विशेष नाही. या आजारात मात्र मैत्रीण बदलली की आवडीनिवडी, बोलण्याची ढब, देवधर्म, भविष्याचे बेत सगळंच बदलतं, आणि एकटं असताना 'मी' म्हणून हाताला काही लागत नाही.

आणि रितेपण. नऊ लक्षणांत सर्वांत कमी बोललं जाणारं हे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हे दुःख नव्हे, कंटाळाही नव्हे. कित्येक रुग्ण ते छातीत किंवा पोटात पोकळी असल्यासारखं, अगदी शरीरात जाणवतं असं सांगतात. मुलाला 'काय होतंय?' असं विचारलं की तो 'काही नाही' म्हणतो, आणि आपण ते टाळाटाळीचं उत्तर समजतो. तो कदाचित अचूक उत्तर देत असतो. उरलेल्या दोहोंपैकी एक म्हणजे तासातासाला उलटणारी मनःस्थिती, आणि दुसरं म्हणजे ताण फार वाढला की काही काळ येणारा संशय किंवा आपण आपल्या शरीराबाहेर उभे आहोत असं वाटणं.

मनःस्थितीचा मुद्दा जरा थांबून पाहायला हवा, कारण बीपीडी आणि बायपोलर यांची इथे हमखास सरमिसळ होते. बायपोलरमधला उन्माद किंवा नैराश्य दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे टिकतं, आणि बाहेर काही घडो न घडो, आपल्या गतीने चालतं. बीपीडीत सकाळी आनंद, दुपारी संताप, संध्याकाळी जीव नकोसा असं एकाच दिवसात होतं, आणि बहुतेक वेळा मागे जाऊन पाहिलं तर माणसांमधला काहीतरी प्रसंग सापडतो: न आलेला फोन, बदललेला सूर, कुणाच्या पार्टीचा आपण नसलेला फोटो. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, हे खरंच. पण वेगळेपण समजून घेण्याचं कारण व्यवहारी आहे. बायपोलरमध्ये औषध हा उपचाराचा कणा असतो. बीपीडीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. सोबतच्या नैराश्यासाठी वा झोपेसाठी गोळ्या देतात, मुख्य उपचार मात्र बोलण्याचा आणि शिकण्याचा असतो. म्हणजे त्या म्हणीतलं अर्धं अक्षरशः खरं निघालं. गोळी नाही, उपचार आहे.

तो उपचार कुठून आला, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1961 च्या मार्चमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहराची सतरा वर्षांची एक मुलगी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग'मध्ये दाखल झाली. ती स्वतःला सतत इजा करायची, म्हणून तिला एकांताच्या खोलीत ठेवत. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, जबर औषधं झाली, विजेचे झटके झाले, काही उपयोग झाला नाही. सव्वीस महिन्यांनी ती बाहेर पडली. पुढे शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातून तिने मानसशास्त्रात पीएचडी केली, सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली, आणि ज्यांना कुणी रुग्ण म्हणून घ्यायला तयार नसे अशा, वारंवार आत्महत्येकडे वळणाऱ्या स्त्रियांवर काम करू लागली. 1991 मध्ये तिच्या उपचारपद्धतीच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षभराच्या उपचारात स्वतःला इजा करण्याचं प्रमाण घटलं, रुग्णालयातले दिवस घटले, आणि बायका उपचार अर्ध्यावर सोडून जाईनाशा झाल्या. या पद्धतीचं नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, डीबीटी. त्या बाई म्हणजे मार्शा लिनेहन. आपण स्वतः कोण होतो हे त्यांनी जून 2011 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, त्याच हार्टफर्डच्या संस्थेत उभं राहून सांगितलं. जगभरचे थेरपिस्ट तोवर वीस वर्षं त्यांची पद्धत वापरत होते.

डीबीटीत एक गोष्ट आहे, जी ओळखण्याच्या कामाशी थेट जोडलेली आहे. लिनेहन यांच्या मते काही माणसं जन्मतःच भावनेच्या बाबतीत पातळ कातडीची असतात. त्यांना चटकन लागतं, फार लागतं, आणि शांत व्हायला इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. जुळ्यांच्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो. अशा मुलाला जर सतत 'तुला जे वाटतंय ते चूक आहे' असं सांगणारं घर मिळालं, तर त्याला स्वतःची भावना ओळखायला आणि आवरायला कुणी शिकवतच नाही. शेवटी किंचाळल्याशिवाय कुणी ऐकत नाही, एवढंच तो शिकतो. आता आपली घरगुती वाक्यं आठवा. त्यात रडण्यासारखं काय आहे? एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करायचा? आम्ही काय काय सोसलं, तुम्हाला काय कमी आहे? दोन बॅगा घेऊन अमेरिकेत आलेल्या पिढीला हे तिसरं वाक्य फार जवळचं वाटतं, आणि त्यांच्या बाजूने ते खोटंही नाही. यात आईवडील दुष्ट असावे लागत नाहीत. लहानपणच्या अत्याचाराचा इतिहास अनेक रुग्णांत सापडतो, पण सगळ्यांत नाही. कित्येकदा साध्या, प्रेमळ घरात एक जास्त लागून घेणारं मूल जन्माला येतं आणि दोघांनाही एकमेकांची भाषा उमगत नाही.

उलटी चूकही होते. नव्याने लग्न होऊन न्यू जर्सीत आलेली, व्हिसामुळे नोकरी करता न येणारी मुलगी सहा महिने रोज रडते, दिवसातून चारदा आईला व्हिडिओ कॉल करते, नवरा ऑफिसला निघाला की घाबरते. हे बीपीडी नव्हे. तिला वयाच्या सोळाव्या वर्षी असं काही होत नव्हतं, आणि नोकरी-मैत्रिणी मिळाल्या की बहुधा ओसरतं. एखादा अमेरिकन डॉक्टर चार फोनांना अतिअवलंबन समजेलही. तेव्हा आपल्या घरात नेहमीचं किती आणि कुठून पुढे ते वेगळं, हे त्याला सांगणं आपलं काम आहे. व्यक्तिमत्त्वाचा विकार ठरवताना त्या व्यक्तीच्या संस्कृतीच्या अपेक्षा जमेस धराव्यात, असं डीएसएमच सांगतं. किशोरवयातल्या मुलांबाबतही घाई नको. अठराच्या आतल्या मुलाचं निदान करायचं तर हा नमुना किमान वर्षभर टिकलेला असावा लागतो. दुसरीकडे, 'वयाचाच दोष आहे' म्हणत चार वर्षं वाट पाहणंही तितकंच घातक.

बायकांचा आजार ही समजूतही दुरुस्त करून घ्यावी. दवाखान्यांच्या आकडेवारीवरून तीन चतुर्थांश रुग्ण स्त्रिया असल्याचं डीएसएम बराच काळ सांगत आलं. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. पुरुषांतला राग आणि दारू आपण दुसऱ्याच खात्यावर मांडतो. लिनेहन बोलल्या त्याच 2011 च्या उन्हाळ्यात मायामी डॉल्फिन्सचा फुटबॉलपटू ब्रँडन मार्शल याने आपल्याला बीपीडी असल्याचं आणि मॅकलीनमध्ये उपचार घेतल्याचं जाहीर सांगितलं. आडदांड, पैसेवाला, टीव्हीवर दिसणारा खेळाडू असं काही बोलतो, याचा तिथल्या तरुणांवर नऊ लक्षणांच्या यादीपेक्षा जास्त परिणाम झाला असणार.

मराठी समाजाला हा रस्ता अगदीच परका नाही. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि 2004 च्या 'देवराई' चित्रपटामागेही तेच होते. त्यानंतर स्किझोफ्रेनिया हा शब्द तरी आपल्या घरांत उच्चारला जाऊ लागला. बीपीडीची पाटी अजून कोरी आहे. भास होणारा माणूस आजारी आहे हे आपल्याला पटतं. शुद्धीवर, हुशार, चार लोकांत छान बोलणारा, आणि घरी आल्यावर कोसळणारा माणूस आजारी आहे हे पटत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आईवडिलांना आणखी एक धक्का बसतो. मूल अठराचं झालं की त्याच्या लेखी संमतीशिवाय डॉक्टर सहसा काही सांगत नाहीत, मग फी कोणीही भरत असो. आपण मात्र डॉक्टरांना आपलं निरीक्षण कळवू शकतो, ऐकून घ्यायला त्यांना कायद्याची आडकाठी नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे घराचं ओळखणं कामाला येतं: कोणत्या प्रसंगानंतर काय झालं, किती तास टिकलं, केव्हापासून होतंय, हे तारखेनिशी लिहिलेलं पानभर टिपण. 'खूप चिडते' या दोन शब्दांचा डॉक्टरला काही उपयोग नाही. शिवाय एनईए-बीपीडी या संस्थेचा 'फॅमिली कनेक्शन्स' नावाचा बारा आठवड्यांचा मोफत वर्ग आहे. तो घरच्यांसाठी आहे, आणि रुग्ण उपचार घेत नसला तरी घरचे जाऊ शकतात.

राहिला प्रश्न बरं होण्याचा. मॅकलीनमध्ये मेरी झॅनॅरिनी यांनी 1992 पासून बीपीडी असलेल्या 290 रुग्णांचा दर दोन वर्षांनी मागोवा घेतला. दहा वर्षांत 93 टक्के रुग्णांची लक्षणं सलग दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. एवढ्या बदनाम आजाराबद्दल हा आकडा वाचून तज्ज्ञही चकित झाले. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कमी सांगितला जातो: लक्षणं ओसरण्याबरोबर नोकरी-शिक्षण आणि जवळची माणसं हेही नीट टिकवणारे निम्मेच. आणि लक्षणं ओसरण्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. स्वतःला इजा करणं, आत्महत्येचे प्रयत्न, ही आवाज करणारी लक्षणं त्या मानाने लवकर गेली. रितेपण, सोडून दिलं जाण्याची भीती, एकटं राहणं न सोसणं आणि, आवाज करणारा असूनही, राग हे वर्षानुवर्षं रेंगाळले.

घर शांत झालं, की नेमका तेव्हा स्वयंपाकघरात हिशेब सुरू होतो. आता चार महिने काही झालेलं नाही, दर आठवड्याला विम्याचा को-पे आहे, दुपारचा गटाचा क्लास आहे, त्यात नोकरी शोधायची आहे, मग थेरपी कशाला चालू ठेवायची? वर्षभराचा उपचार सहाव्या महिन्यात थांबतो तो असा. मुलीला विचारलं तर तीही 'चालेल, बंद करूया' म्हणते, कारण आपण घरच्यांवर ओझं आहोत ही तिची जुनी खात्री आहे. त्या दिवशी तिला 'आता बरं वाटतंय ना?' असं विचारू नये, त्याचं उत्तर 'हो' असंच येणार. रविवारी दुपारी घरात कुणी नसताना कसं जातं, हे विचारावं, आणि ती सांगेल त्यावर हिशेब पुन्हा मांडावा.